सही करण्याआधी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या एका काकूंचे सगळे बाहेरचे व्यवहार गुजरातीत चालतात. मांडवीत भाजीचा भाव करायचा तो गुजरातीत, रिक्षावाल्याशी भांडायचं तेही गुजरातीत. पोथी मात्र बाळबोध अक्षरातली. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे गुजराती अक्षर लागतं, पण दोन पानांनंतर डोळे थकतात. एका दुपारी रुग्णालयाच्या बाकावर त्यांच्या हातात चौदा पानांचं गुजराती माहितीपत्रक आलं. निदान होतं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं, काकूंच्या भाषेत ‘पिशवीच्या तोंडाचा’. डॉक्टरांनी नेहमीचे उपचार समजावून सांगितले आणि उठता उठता म्हणाले, ‘एक ट्रायलही चालू आहे. त्यात यायचं असेल तर हे वाचा आणि सही करून आणा.’

मुलगा म्हणाला, ‘आई, सही करून टाक. डॉक्टर बऱ्यासाठीच सांगतात.’ सून म्हणाली, ‘मुळीच नको. आपण काय उंदीर आहोत प्रयोग करायला?’ चौदांपैकी एकही पान दोघांनी वाचलेलं नव्हतं. काकूंनी कागदाची घडी घालून ती पर्समध्ये कोंबली आणि घरी आल्यावर मला फोन केला.

त्या फोनवर आम्ही जे बोललो, त्याचंच हे सविस्तर रूप. कोणता उपचार घ्यायचा हे तुमचे कॅन्सरतज्ज्ञ सांगतील, तो माझा अधिकार नाही. पण संशोधनात भाग घ्यायचा की नाही, हे बाईचं तिनेच ठरवायचं असतं. ते ठरवताना काय माहीत हवं आणि काय विचारायचं, एवढं आपण नक्की शिकू शकतो.

आजचा उपचार आला कुठून?

भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि सुमारे ऐंशी हजार त्याने दगावतात. बडोद्यात, अहमदाबादेत किंवा मुंबईत यातली एखादी बाई उपचाराला गेली आणि आजार थोडा पसरलेला असला, तर तिला साधारण पाच आठवडे बाहेरून रेडिएशन मिळतं, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन नावाची केमो आणि शेवटी आतून दिलेलं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी. हा सगळा क्रम आज इतका सरावाचा झाला आहे, की तो कुणीतरी कधीतरी पडताळून पाहिला असेल, हे लक्षातही येत नाही.

शेकाबरोबर सिस्प्लॅटिन द्यावं, असं परदेशातल्या पाच अभ्यासांनंतर १९९९ मध्ये जगभरच्या डॉक्टरांना सांगण्यात आलं. पण आपल्याकडच्या बायका उशिरा येतात, अंगात रक्त कमी, खाणंपिणं बेताचं. केमोचा भार त्यांना झेपेल का? त्यातून खरंच फायदा होईल का? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात ८५० स्त्रियांवर हा अभ्यास झाला. सगळ्यांचा आजार ‘तीन-बी’ या पायरीवरचा होता, म्हणजे ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेला किंवा मूत्रपिंडाकडून येणारी नळी दाबणारा. निम्म्यांना फक्त शेक मिळाला, निम्म्यांना शेक आणि सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या शंभरापैकी ४६ स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ५४.

शंभरात आठ. ऐकायला थोडं वाटतं. पण सिस्प्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध आहे आणि ही आठ माणसं कुणाच्या तरी घरातली आहेत. त्या ८५० जणींनी सही केली नसती, तर काकूंच्या डॉक्टरांना आजही अंदाजानेच बोलावं लागलं असतं.

संशोधनातून दर वेळी नवं औषधच हाती येतं असं नाही. कधी कधी जे करत होतो ते चुकीचं होतं, एवढंच कळतं, आणि तेही तितकंच मोलाचं असतं. तीन उदाहरणं देतो.

आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, हा मार्ग अनेकांना पटत असे, कारण त्यात शेक टळतो. टाटा मेमोरियलमध्येच २००३ ते २०१५ या काळात ६३३ स्त्रियांमध्ये हा मार्ग आणि शेक-केमो यांची तुलना झाली. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या गटात ६९ टक्के होत्या, शेक-केमोच्या गटात ७७ टक्के. म्हणून ‘आधी केमो, मग ऑपरेशन, शेक नको’ असं कुणी सुचवलं, तर दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत नक्की घ्या.

दुसरं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं. टाके लहान, घरी लवकर, म्हणून ती सगळ्यांना हवीशी. सुरुवातीच्या पायरीवरच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करावी की पोट उघडून, याचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३१ स्त्रिया होत्या. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के निघालं आणि पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के. अशा निकालाची फारशी कुणाला अपेक्षा नव्हती. त्यानंतर जगभरच्या शल्यविशारदांनी आपली पद्धत बदलली.

तिसरं शेकानंतरच्या त्रासाचं. पोटाला शेक दिला की आतड्यांना इजा होऊ शकते आणि वर्षानुवर्षं जुलाब, कळा, रक्त पडणं सुरू राहू शकतं. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१९ या काळात, शस्त्रक्रियेनंतर शेक लागणाऱ्या ३०० स्त्रियांमध्ये जुन्या पद्धतीची तुलना रोज प्रतिमा पाहून नेमका शेक देणाऱ्या नव्या पद्धतीशी केली. आजार दोन्ही गटांत सारखाच आटोक्यात राहिला. आतड्याचा लक्षणीय त्रास मात्र तीन वर्षांनी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला. इथे कुणाचं आयुष्य वाढलं नाही. पण शौचालय जवळ आहे ना, हे पाहूनच घराबाहेर पडणाऱ्या बाईला या निम्म्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सध्या काय शोधलं जातंय?

माहितीपत्रकातली भाषा कळावी म्हणून थोडक्यात सांगतो.

गर्भाशयमुखासाठी दोन निकाल सध्या चर्चेत आहेत. एकात नेहमीच्या शेक-केमोआधी सहा आठवडे दर आठवड्याला दोन जुनी केमो औषधं दिली. या अभ्यासात भारतासह पाच देशांतल्या ५०० स्त्रिया होत्या. पाच वर्षांनी हयात स्त्रियांचं प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेलं. दुसऱ्यात १,०६० स्त्रियांपैकी निम्म्यांना शेक-केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध दिलं. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७४.८ वरून ८२.६ टक्के झालं. दोन्ही निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे फरक पुन्हा शंभरात आठांच्या आसपासच आहे. पहिली औषधं स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी, दुसरं औषध सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचं. दोन्ही अभ्यासांतल्या स्त्रिया वेगळ्या होत्या, त्यामुळे आकड्याशेजारी आकडा ठेवून निकाल लावता येत नाही. पण ‘नवं आणि महाग म्हणजे जास्त गुणकारी’ हे समीकरण डोक्यातून काढायला एवढं पुरेसं आहे.

उपचार कमी करण्याकडेही आता संशोधन वळलं आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि वरवरचीच असेल, तर आजूबाजूच्या ऊतींसकट मोठी शस्त्रक्रिया न करता साधं गर्भाशय काढणं पुरतं, असं ७०० स्त्रियांच्या अभ्यासातून दिसलं. तिथल्या शल्यक्रिया कॅन्सरतज्ज्ञांच्या हातून आणि पूर्ण तपासण्यांनंतर झालेल्या होत्या, हे मात्र विसरू नका.

बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये रक्तातली बीआरसीए ही जनुकं तपासतात. त्यांत दोष असेल, तर केमोनंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांनी आजार उलटणं बरंच लांबतं, हे २०१८ मध्ये दिसून आलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर हा एक आजार नाही, जनुकांच्या दृष्टीने त्याचे चार प्रकार पडतात, हे २०१३ मध्ये स्पष्ट झालं. तेव्हापासून कुणाला शेक हवा आणि कुणाला नको, हे त्या प्रकारांवरून ठरवता येईल का, याचा शोध चालू आहे. म्हणून हल्ली माहितीपत्रकात ‘गाठीचा तुकडा जनुकीय तपासणीसाठी पाठवू’ असं वाक्य असतं.

बडोद्याने शिकवलेला धडा

आता सुनेच्या भीतीबद्दल. ती अगदीच हवेतली नव्हती. निदान बडोद्याच्या माणसाने तरी तिला हसू नये.

२००९ साली तेव्हाच्या आंध्रातला खम्मम जिल्हा आणि गुजरातेतला वडोदरा जिल्हा, अशा दोन ठिकाणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस मुलींना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारं त्यात होती. आपल्या जिल्ह्यात डभोई, शिनोर आणि कवांट हे तालुके निवडले होते. कवांट आता छोटाउदेपूर जिल्ह्यात गेलं आहे. मुली दहा ते चौदा वर्षांच्या, बऱ्याचशा गरीब आणि आदिवासी घरांतल्या. पुढे काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, आरडाओरडा झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. चौकशी समितीने मृत्यूंचा लसीशी बहुधा संबंध नाही, असं म्हटलं. पण संमतीचे कागद उघडले तेव्हा जे दिसलं, ते गंभीर होतं. आंध्रात आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. कितीतरी कागदांवर नुसते अंगठे होते. २०१३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. या सगळ्याला ‘ट्रायल’ न म्हणता ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटलं होतं, त्यामुळे ट्रायलचे कडक नियम त्याला लागू होतात की नाही, हाही वाद झाला.

म्हणून कागदावरचं पहिलं वाक्य वाचा. ‘अभ्यास’, ‘प्रकल्प’, ‘नोंदणी’, ‘शिबिर’ असं काहीही लिहिलेलं असो, सरळ विचारा: हे संशोधन आहे का?

या गोष्टीचा शेवट मात्र विलक्षण आहे. त्याच सुमारास या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा एक वेगळा अभ्यास अहमदाबाद, बार्शी, पुणे अशा ठिकाणी चालू होता. खम्मम-वडोदऱ्याच्या वादात तोही अर्ध्यावर थांबवला गेला आणि जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं त्यांच्या तपासण्या चालू ठेवल्या. तेव्हा दिसलं की मुख्य दोन विषाणूंच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गापासून एकच डोस ९५ टक्के संरक्षण देतो. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींची मोठी साथ आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ पासून बाजारात आहे. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी या लसीबद्दल बोला.

नियम काय सांगतात?

औषधाची कुठलीही ट्रायल सुरू होण्याआधी भारताच्या ट्रायल-नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. २०१९ च्या नव्या नियमांनुसार नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय ट्रायल करता येत नाही. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत एक कायदा जाणणारी व्यक्ती, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवी. ट्रायलमुळे इजा झाली, तर त्यावरचे उपचार मोफत आणि वर भरपाई. मृत्यू ओढवला, तर वारसांना ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते आणि त्याचा हिशेब आठ लाखांच्या मूळ रकमेवरून सुरू होतो. माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते. वाचता न येणाऱ्या बाईची संमती घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. सही केल्यानंतर कागदाची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

म्हणजे काकू मराठीत समजावून मागू शकत होत्या. त्यात मेहेरबानी कुणाचीच नाही.

डॉक्टरांना विचारायचे दहा प्रश्न

हे एका कागदावर उतरवून घ्या आणि उत्तरं तिथेच लिहून काढा. घरी येईपर्यंत निम्मी विसरतात.

१. मी भाग घेतला नाही, तर मला कोणता उपचार मिळेल? हा प्रश्न सगळ्यांत आधी. उत्तर स्पष्ट मिळत नसेल, तर सही करू नका.

२. दोन्ही गटांना नेमकं काय मिळणार? बहुतेक मोठ्या ट्रायलमध्ये एका गटाला आजचा सर्वोत्तम उपचार मिळतो आणि दुसऱ्याला तोच उपचार अधिक काही नवं, किंवा त्याच्या जागी काही नवं. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून लाखाहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असं त्यातून सिद्ध झालं आणि जगाने त्याची दखल घेतली. पण तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी अभ्यासात झाली नव्हती, यावर नंतर टीकाही झाली. तेव्हा ‘दुसऱ्या गटाला काय?’ हे विचारायला संकोच करू नका.

३. कुठला गट, हे कोण ठरवणार? ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. तुमची निवड नाही, डॉक्टरांचीही नाही. हे मान्य नसेल तर भाग घेऊ नये, त्यात गैर काहीच नाही.

४. ही ट्रायल कुठल्या टप्प्यातली? पहिल्या टप्प्यात औषधाची मात्रा आणि सुरक्षितता पाहतात, दुसऱ्यात परिणाम होतो का ते, तिसऱ्यात चालू उपचारांशी तुलना, चौथ्यात बाजारात आल्यानंतरचा अनुभव. पहिल्या टप्प्यात स्वतःच्या फायद्याची आशा कमी धरावी.

५. किती फेऱ्या, किती जास्तीच्या तपासण्या, किती वेळा सुई? अहमदाबादला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मुंबई म्हणजे रात्रीची गाडी, राहायची सोय, सोबतीला कामावरून सुट्टी घेणारा माणूस. वर्षाचा हिशेब मांडा.

६. पैसे कोण देणार? ट्रायलचं औषध आणि जास्तीच्या तपासण्या रुग्णाच्या माथी येता कामा नयेत. नेहमीच्या उपचारांचा खर्च आयुष्मान कार्डावर होणार का, प्रवासखर्च मिळणार का, हे वेगळं विचारा.

७. इजा झाली तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? नाव आणि नंबर कागदावर हवा. ‘ओपीडीत या’ हे उत्तर नव्हे.

८. माझ्या गाठीच्या तुकड्याचं आणि रक्ताचं काय होणार? किती वर्षं ठेवणार, दुसरीकडे पाठवणार का? जनुकांचा दोष सापडला तर मला कळवणार का? कारण मग तो प्रश्न तुमच्या मुलींचा आणि बहिणींचाही असतो.

९. माझ्या पाळीवर, मूल होण्यावर, शरीरसंबंधांवर काय परिणाम होईल? हा प्रश्न आपल्या बायका विचारत नाहीत आणि पुष्कळदा डॉक्टरही टाळतात. शेकानंतर बीजांडकोशांचं काम थांबतं, पाळी जाते, योनीमार्ग आखडतो. त्यावर उपाय असतात, पण ते वेळेवर सुरू करावे लागतात. पुरुष डॉक्टरांशी बोलणं जड जात असेल, तर स्त्री डॉक्टर किंवा नर्सशी बोलायचं आहे, असं सांगा.

१०. मधेच सोडलं तर? केव्हाही सोडता येतं, कारण न देता. त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. कागदावर हे वाक्य आहे ना, बोट ठेवून पाहा.

आणि हो, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारून घ्या. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, पण इंग्रजीत आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला बसवा. ट्रायल कोण करतंय, किती रुग्णांवर, कुठल्या रुग्णालयांत, हे दहा मिनिटांत सापडतं. क्रमांकच नसेल आणि वर तुमच्याकडूनच ‘संशोधनाच्या औषधाचे’ पैसे मागत असतील, तर तिथून उठा. मुळासकट बरं करणारा काढा, बाटलीवर दुकानाचं नाव, आत काय आहे ते कुणाला ठाऊक नाही, असल्या गोष्टीही हल्ली ‘संशोधन’ म्हणून विकल्या जातात.

बडोद्यात राहून काय करता येईल?

सयाजी रुग्णालय शहरात आहे. वाघोडिया तालुक्यातल्या गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर रुग्णालय आहे. अहमदाबादेत १९७२ पासून गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत टाटा मेमोरियल. गुजरातेत आयुष्मान योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दहा लाख आहे. पण कुठेही जाण्याआधी दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, बायोप्सीआधी पिशवी काढू नका. पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, अंगावरून घाण वासाचं पांढरं जाऊ लागलं, की कुणीतरी म्हणतं, ‘काढून टाका पिशवी, कटकट मिटेल.’ आत कॅन्सर असताना साधं ऑपरेशन झालं, तर आजार अर्धवट कापला जातो, पुढचे उपचार अवघड होतात आणि कितीतरी ट्रायलची दारंही बंद होतात. आधी तपासणी, मग तुकडा, मग रिपोर्ट, मग निर्णय.

दुसरी, उपचार सुरू झाले की खंड पाडू नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा शेक ब्रॅकीथेरपी धरून आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा, लांबला की गुण कमी येतो. घरातलं लग्न, नवरात्र, उत्तरायण, सगळं त्याभोवती बसवा. बडोद्यात नवरात्रात सांगणं सोपं नाही, पण गरबा पुढच्या वर्षीही असतो.

फाइल नीट ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड आणि मेणातला ठोकळा, स्कॅनची सीडी, रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. दुसरं मत घ्यायचं असो की ट्रायलमध्ये बसायचं असो, स्लाइड आणि ठोकळ्यावाचून काम अडतं. आणि ते मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सही कोणाची?

आपल्या घरांत कागदावरची सही हे पुरुषांचं खातं असतं. बाईचा आजार, बाईचं शरीर, आणि माहितीपत्रक वाचतो मुलगा, बोलतो जावई, काकू बाकावर पिशवी सांभाळत बसलेल्या. त्यामागे प्रेमच असतं, यात शंका नाही. पण संमती तिची आहे. शुद्धीत असलेल्या, समजून घेऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने नवरा किंवा मुलगा सही करू शकत नाही. घरच्यांनी वाचून दाखवावं, शब्द समजावून सांगावेत, सोबत जावं. पेन तिच्या हातात द्यावं आणि ती नाही म्हणाली, तर तिला पुन्हा पुन्हा विचारू नये.

काकू चार दिवसांनी परत गेल्या. या वेळी रुग्णालयाच्या एका मराठी बोलणाऱ्या समाजसेविकेने पाऊण तास बसून सगळी पानं समजावून सांगितली. काकूंनी दहांपैकी सात प्रश्न विचारले आणि ट्रायलमध्ये जायचं नाही, असं ठरवलं. जास्तीच्या बायोप्सी आणि दर तीन आठवड्यांच्या फेऱ्या त्यांना झेपणार नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, ‘ठीक आहे.’ सोमवारपासून नेहमीचा शेक आणि केमो सुरू झाली आणि सात आठवड्यांत संपलीसुद्धा. शेजारच्या खाटेवरच्या गोध्र्याच्या बाईंनी तीच पानं ऐकून घेतली आणि सही केली. दोघींचंही बरोबर होतं, कारण दोघींना आपण कशाला हो आणि कशाला नाही म्हणतोय, हे माहीत होतं.

तुमच्या घरात असा कागद आला, तर त्याच दिवशी हो म्हणू नका आणि त्याच दिवशी फाडूही नका. घरी आणा, मोठ्याने वाचा, मराठीत समजून घ्या, दहा प्रश्न घेऊन परत जा. मग ठरवा.